सहावा पेला

उदगीर, २ मे २०१६

प्रिय पंचशीला,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेनासा झालाय, म्हणजे मला बंद केलंयस, एवढं मलाही कळतं. म्हणून आज पोस्टात गेले. पाकिटं मागितली तर काउंटरवरच्या माणसानं आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग ड्रॉवर धुंडाळला. नांदेडला होस्टेलवर असताना दिवाळीच्या सुट्टीत आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, त्यानंतर हातानं लिहिलेलं हे पहिलंच. अक्षराचं पार वाटोळं झालंय, सांभाळून घे.

वर ‘जयभीम’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खोलीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आपण नमस्कारांची अदलाबदल केली होती, तू मला ‘शरणू’ म्हणायचं आणि मी तुला ‘जयभीम’. मेसच्या रांगेतल्या पोरी हसायच्या. आजही लिहिणार होते, पण हात पुढं सरकेना, म्हणून तेवढी जागा सोडून खाली आले.

मुद्द्यावर येते. कैसाचा लेख आपल्या ग्रंथपाल मंडळाच्या पत्रिकेत आला आणि त्याच दिवशी संध्याकाळी तू मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. कुणाला काही सांगितलं नाहीस. बाकीच्यांना वाटलं, चुकून बोट लागलं असेल. मला तसं वाटलं नाही.

पण पंचशीला, लेख कैसानं लिहिलाय. ती फिनलंडची, हैदराबादच्या त्या भल्यामोठ्या शाळेत ग्रंथपाल, तिला आपल्याकडचं काय कळणार? मार्चअखेर दोन दिवस येऊन गेली, जे दिसलं ते लिहिलं. उदगीरच्या एका घरात दुष्काळामुळं पेले विसळायलाही पाणी नाही, म्हणून कागदी कपातून पाणी देतात, आणि तरीही पाहुण्याला आधी पाणी विचारतात, असं तिनं लिहिलं. त्यात खोटं काय आहे? नळाला महिन्यातनं एकदा पाणी येतंय. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथं हॉटेलात, लग्नात, तेराव्यालासुद्धा कागदी कप आणि कागदी ताटंच चाललीत. आमच्याही फडताळात कपांचा गठ्ठा आहे. मी तिला जे सांगितलं ते अर्धवट असेल, पण खोटं नव्हतं.

आता खरं काम. अठ्ठावीस आणि एकोणतीस मेला हैदराबादला मंडळाची परिषद आहे. बारा देशांतल्या शाळांचे ग्रंथपाल आणि शिक्षक येणार आहेत. ‘कुलूप नसलेलं कपाट’ हा आपला निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलाय. कार्यक्रमपत्रिकेत तुझं नाव आधी आहे, कारण कपाटाचं कुलूप काढून फेकायची अक्कल तुझी. तुझ्या नायगावच्या शाळेत तू वर्षभर ते करून दाखवलंस, मी नंतर तुझं बघून केलं. पुस्तकं चोरीला जातील म्हणून तुझे मुख्याध्यापक रडत होते आणि वर्षअखेर आधीपेक्षा पुस्तकं जास्त निघाली, कारण पोरांनी घरातली आणून ठेवली. हे तूच सांगायला पाहिजेस. माझ्या तोंडी ते ऐकीव वाटेल.

आमचे संस्थाचालक अमृतराव तर आताच हवेत आहेत. शाळेच्या फलकावर त्यांनी ‘जि. उदगीर’ रंगवून घेतलंय. मी म्हणाले, साहेब, जिल्हा अजून व्हायचाय. म्हणाले, होणारच हाय की, मग परत रंगाचा खर्च कशाला? आणि शाळेच्या नावात इंटरनॅशनल कशावरून म्हणून तू त्यांना त्या दिवशी विचारलंस, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर आठवतंय ना? ‘कर्नाटकातली पोरं येतात आपल्याकडं, आणि काय पाहिजे?’ तुझं ते दाबलेलं हसू मला अजून दिसतं.

ये. रेल्वेची दोन तिकिटं काढते. वाटेत भांडू.

तुझी,
गौरम्मा

*

उदगीर, १६ मे २०१६

प्रिय पंचशीला,

तुझं उत्तर आलं नाही, पण तू कैसाला ईमेल केलीस. घरगुती अडचण आहे, निबंध वाचायला येऊ शकत नाही, असं. तिनं ती मला पुढं पाठवली आणि विचारलं, तुझ्या मैत्रिणीच्या घरी सगळं ठीक आहे ना. मी लिहिलं, दुष्काळ आहे. गेले दोन महिने प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं हेच एक उत्तर आहे. हा दुष्काळ सरल्यावर मी काय सांगणार, कोण जाणे.

तुझ्या घरची अडचण म्हणजे मी, हे मला कळलं.

कैसाचा दुसरा निरोप याहून वाईट आहे. तू नसशील तर निबंधाच्या वेळेत मी एकटीनं बोलावं, आणि विषय तिनंच सुचवलाय: ‘कागदी कप’. लेख फार लोकांना आवडला म्हणे. मनिलाच्या एका शाळेनं तर त्यावर मुलांकडून चित्रं काढून घेतली. अमृतरावांना कुठून कळलं देव जाणे, त्यांनी शाळेबाहेर फ्लेक्स लावलाय. त्यात मी, कैसा, मध्ये एक भला मोठा कागदी कप, आणि खाली ‘जि. उदगीर’. मी शाळेत मागच्या फाटकातून जातेय.

मागच्या पत्रात मी म्हणाले होते, जे सांगितलं ते अर्धवट होतं. अर्धं तरी कुठलं खरं होतं? आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तू तिथं होतीस, तरी लिहिते, कारण आतापर्यंत ते कुठंच शब्दांत आलेलं नाही.

त्या दिवशी तू नायगावहून मुखेडमार्गे बस बदलत आलीस. स्टेशनवर आपण कैसाला उतरवून घेतलं. रिक्षावाल्यानं तिला नाव विचारलं, ती म्हणाली ‘कैसा’, आणि तो म्हणाला, ‘ठीकच हूं मेमसाब, पानी का हाल खराब हय.’ घरापर्यंत आपण दोघी हसत होतो. मग माझ्या घरात शिरलो. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तू माझ्या घरात पहिल्यांदा येत होतीस. आपण कायम लातूरच्या बसस्टँडवर, नाहीतर नांदेडला भेटलो. मी तुला घरी ये असं कधी म्हटलं नाही आणि तू मला त्याचं कारण कधी विचारलं नाहीस. हेही आजच लक्षात येतंय, असं म्हणायचा मोह होतोय, पण ते खरं नाही. मला ते नेहमीच माहीत होतं.

अमृतराव आणि त्यांच्या मंडळी निलाबाई आधीच येऊन बसले होते. आमचे यजमान वीरण्णा आडतीवरून लवकर आले होते, परदेशी पाहुणी घरी येणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून. मी पाणी आणलं. कैसाला, अमृतरावांना, निलाबाईंना, वीरण्णांना स्टीलचे पेले आणि तुला कागदी कप. एकट्या तुला.

कैसानं ते पाहिलं. तिकडच्या लोकांना प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. तिनं मला इंग्रजीत विचारलं, हिला वेगळं का? आणि मी इंग्रजीतच, हसत, एकही शब्द न अडखळता म्हणाले, दुष्काळ आहे ना, घासायला पाणी पुरत नाही, म्हणून घरच्या माणसांना आम्ही कागदी कप देतो. पेले फक्त पाहुण्यांसाठी. वीरण्णांच्या हातातही पेलाच होता, तो तिच्या नजरेतून सुटला.

घरच्या माणसांना. हे मी तुझ्यासमोर म्हणाले. होस्टेलवर माझे सगळे इंग्रजी अर्ज तू लिहून द्यायचीस. त्या खोलीत माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं कळणारी तूच होतीस.

तू पाणी सगळं प्यायलीस, शेवटच्या घोटापर्यंत. मग कप चेपून त्याची घडी केलीस आणि पर्समध्ये ठेवलास. कुणाला उचलावा लागू नये म्हणून असेल. निलाबाई म्हणाल्या, किती नीटनेटकी हाय बाई.

सासूबाईंचं काय सांगू? त्या जुन्या वळणाच्या. देवघरात पूजेला बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी मला बजावलं. जातपात न मानणाऱ्या बसवण्णांची तसबीर डोक्यावर आणि घरात हे असं. मी विरोध करायला पाहिजे होता, तेवढी माझी छाती झाली नाही. घर मोडून कुणाला राहायचंय? तू एकटी राहतेस, स्वतःच्या पगारावर, तुला हे कळणार नाही असं मी म्हणत नाही. पण माझ्या जागी येऊन एकदा बघ.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

कैसाला खरं कळवू का? तू सांग. तू म्हणशील तसं करते.

गौरम्मा

*

उदगीर, ३१ मे २०१६

पंचशीला,

काल परत आले. तू काही सांगितलं नाहीस, म्हणून माझ्या मनानं केलं. ते तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते.

हैदराबादच्या त्या शाळेचं ग्रंथालय तू बघायला पाहिजे होतंस. आपल्या दोघींच्या शाळा त्याच्या एका मजल्यात मावतील. पोरं जमिनीवर लोळून वाचतात, कपाटांना दारंच नाहीत, मग कुलूप कुठलं. आपला निबंध तिथं कुणाला नवा वाटला असता की नाही, हा प्रश्नच होता. पण त्यांच्याकडं कुलूप कधी नव्हतंच. आपल्याकडं ते होतं आणि तू काढलंस, हा फरक तू उभं राहून दोन मिनिटांत सांगितला असतास. मी जेवणाच्या वेळी एका बाईंना सांगायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, हो, ते ठीक, पण तुमच्या त्या कपाबद्दल सांगा ना.

दारातच टेबल होतं. नाव नोंदवायचं, गळ्यात पट्टी घालायची आणि पाणी घ्यायचं. पाणी कागदी कपात. प्रत्येकाला. कैसाची कल्पना. शेजारी एक पाटी, त्यावर मनिलाच्या एका पोरीनं काढलेलं चित्र आणि मोठ्या अक्षरांत: उदगीरच्या सोबतीनं. शेजारच्या खोलीत नळाला चोवीस तास पाणी वाहत होतं आणि इतक्या देशांतली माणसं दोन्ही हातांत कागदी कप धरून, एखादा प्रसाद घ्यावा तशी पाणी पीत होती. मला कुणीतरी कप दिला. मी तो हातात धरून स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. लिहून नेलेला कागद मी बाजूला ठेवला आणि खरं सांगितलं. म्हणाले की तो कप दुष्काळाचा नव्हता. ज्या मैत्रिणीला तो दिला ती बौद्ध आहे, तिच्या पूर्वजांना आमच्या गावांनी पाण्याजवळ येऊ दिलं नाही, आणि अजूनही आमच्यासारख्या घरांत, वडीलधाऱ्या माणसांच्या धाकानं, हे चालतं. मी ते थांबवू शकले नाही आणि वर त्याला दुष्काळाचं नाव दिलं. इंग्रजी तुटकं होतं, पण सगळ्यांना कळलं.

सगळे उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. कैसा रडत पुढं आली, तिनं मला मिठी मारली. नंतर चहाच्या वेळी लोक रांग लावून भेटले. केवढं धैर्य, म्हणाले. तुझ्या घरी तुला त्रास तर होणार नाही ना, असं विचारलं. मंडळानं नांदेड-लातूर भागासाठी शाखा काढायचं ठरवलंय आणि तिची समन्वयक म्हणून माझं नाव तिथल्या तिथं जाहीर केलं.

आणि मला बरं वाटलं, पंचशीला. तुझ्यापासून काय लपवू? खूप दिवसांनी छाती हलकी झाली होती. टाळ्या ऐकायला गोड लागत होत्या.

कोलंबोच्या एक म्हाताऱ्या ग्रंथपाल तेवढ्या रांगेत आल्या नाहीत. सगळे पांगल्यावर येऊन त्यांनी हळूच विचारलं, ‘मग त्या बाईंचा निबंध कुणी वाचला?’ मी म्हणाले, त्या आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘ते दिसलंच. तुम्ही त्यांच्याच वेळेत बोललात.’ आणि निघून गेल्या.

रेल्वेत रात्रभर झोप लागली नाही. बिदर गेल्यावर वाटलं, तुझ्यावरून मी दोनदा टाळ्या मिळवल्या. एकदा खोटं बोलून आणि एकदा खरं बोलून. तुला दोन्ही वेळा काय मिळालं?

शाखेचं समन्वयकपद मी घेणार नाही. तू घेत असशील तर सांग, मी हाताखाली काम करीन.

गौरम्मा

*

उदगीर, ८ जून २०१६

पंचशीला,

रविवारी दुपारी तुझा फोन आला. नाव दिसल्याबरोबर मी गच्चीवर पळाले. तू ‘शरणू’ म्हणाली नाहीस, कशी आहेस म्हणाली नाहीस. जे बोललीस ते मी इथं लिहून ठेवते, म्हणजे मला ते मागाहून मऊ करता येणार नाही.

‘गौरा, तुझी तिन्ही पत्रं वाचली. एक सांगते आन ठेवते. त्या दिवशी मी तुझ्या देवघराकडं तोंड करून बसले नव्हते. सैपाकघराकडं तोंड करून बसले होते.’

आणि पुढं:

‘पूजेला बसलेली म्हातारी मधात बोलत न्हाई, एवढं मलाबी ठावं हाय. सासू लई सोपी असते ढकलायला. लिहायचं तर खरं लिही, न्हाईतर लिहू नगस.’

आणि ठेवलास.

मी गच्चीवरच टाकीला टेकून बसले. टाकी कोरडी असल्यानं पाठ टेकली की आतून घुमायची. खाली सासूबाई डाळ निवडत होत्या. तू पाहिलं होतंस. म्हणजे दुष्काळाचं पत्र वाचताना, सासूबाईंचं पत्र वाचताना, टाळ्यांचं पत्र वाचताना, दर वेळी तुला ठाऊक होतं की ही अजून खोटंच बोलतेय. तरी तू तिसऱ्या पत्रापर्यंत वाट पाहिलीस. एवढी वाट कुणी माझ्यासाठी पाहिली नव्हती, आणि मी ती अशी वाया घालवली.

तर खरं.

सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या. त्या पूजेत होत्या, डोळे मिटलेले, हातावर इष्टलिंग. वीरण्णा कैसाला तुरीचे भाव सांगत होते. मी सैपाकघरात होते आणि बाहेर अमृतरावांनी तुला विचारलं, ‘बाई, आडनाव काय म्हणालात?’ तू काही म्हणाली नव्हतीसच, पण ते असंच विचारतात. तू सांगितलंस. ते म्हणाले, ‘असं असं.’ बास, एवढंच. वाईट काहीच बोलले नाहीत. निलाबाईंनी पदर सारखा केला असेल किंवा नसेल, मी पाहिलं नाही. मला फक्त ते ‘असं असं’ ऐकू आलं.

मी फळीवरून पेले काढत होते. स्टीलचे सहा पेले, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. एक कैसाला, एक अमृतरावांना, एक निलाबाईंना, एक वीरण्णांना. पाचवा सासूबाईंची पूजा झाल्यावर त्यांना लागेल म्हणून बाजूला ठेवला. सहावा हातात घेतला. तो तुझा होता. घेतला होता मी, पंचशीला, हातात होता. आणि मनात आलं, आता हे लोक बघतील. अमृतराव काय म्हणतील, घरी जाऊन निलाबाई कुणाला सांगतील, सासूबाईंच्या कानावर कसं जाईल. कुणी एक शब्द बोललेलं नसताना सगळ्यांच्या मनातलं मी स्वतःच बोलून टाकलं आणि स्वतःच ऐकलं. पेला फळीवर परत ठेवला. फडताळ उघडलं, गठ्ठा फोडला आणि कप काढला.

कुणाच्या धाकानं नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या हातानं.

तू पाहत होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी पेला दिला असता. हे लिहिताना मला कळतंय की हे त्याहून वाईट आहे.

आणखी एक आहे आणि ते मी चारही पत्रांत टाळत आलेय. कैसानं पेला रिकामा केला, हातात फिरवला आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय कोरलंय? मी रिकामे पेले गोळा करायला लागले. त्या अख्ख्या दुपारी तू तेवढ्यापुरतंच इंग्रजीत बोललीस. तू म्हणालीस, आमच्याकडं लग्नात भांडी देतात, त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. कैसा म्हणाली, किती सुंदर. काय नाव आहे? तू म्हणालीस, जुनी अक्षरं आहेत, नीट लागत नाहीत.

अक्षरं चांगली लागतात. ‘चि. गौरम्मा हिस, पंचशीला, २००५.’ सहाच्या सहा पेल्यांवर. नांदेडच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्यानं ‘शी’ ऱ्हस्व काढली म्हणून तू भांडून एक पेला बदलून घेतला होतास, हे तूच मला हसून सांगितलं होतंस. तेव्हा तुला नोकरी नव्हती. अमृतराव तुझ्या पेल्यातून पाणी प्यायले, निलाबाई प्यायल्या. इतकी वर्षं सासूबाईंचा पाहुणा तुझ्याच पेल्यातून पितोय. तेवढी तू एकटी राहिलीस.

तू त्या वेळी मला वाचवलंस. कैसासमोर, सगळ्यांसमोर. ‘लागत नाहीत’ म्हणालीस. मी जन्मभर लाजले तरी ते फिटणार नाही, म्हणून फेडायचं नाव काढत नाही.

परवा मंडळातल्या सगळ्यांना ईमेल केली. कप मी स्वतः दिला, कुणाच्याही धाकानं नाही, परिषदेत मी घरच्या वडीलधाऱ्यांवर ढकललं तेही खोटं होतं, असं सरळ लिहिलं. कुलूप नसलेल्या कपाटाचं काम पहिल्यापासून तुझं, हेही. या वेळी टाळ्या नाहीत. तिघांची उत्तरं आली, तीही दोन-दोन ओळींची. कैसानं काल रात्री लिहिलं, तेसुद्धा फार थंड. ते बरोबरच आहे. शाळा सुरू झाली की ती नायगावला येणार आहे म्हणे, तू हो म्हणालीस तर, तुझी कपाटं बघायला. तिला माझ्याबद्दल विचारू नकोस आणि ती विचारेल त्याचं जे खरं असेल ते सांग. या वेळी मला वाचवू नकोस.

आता शेवटचं. इंग्रजीत बोलणं सोपं होतं. इंग्रजीत मला कुणी ओळखत नाही. तुला मी हे मराठीत लिहितेय, ते अवघड गेलं. पण आमच्या घरात कन्नड बोलतात, आणि त्या भाषेत मी या गोष्टीचा एक शब्द काढला नव्हता. काल दुपारी सासूबाईंच्या समोर बसले आणि सांगितलं. तुझं नाव सांगितलं, कप सांगितला, आणि तुमच्या नावावर मी ते हैदराबादला आणि पंचशीलाला पत्रात, दोन्हीकडं खपवलं, हेही सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘ना एन अंदीनि?’ म्हणाल्या. मी काय म्हणाले होते?

मी म्हणाले, काही नाही.

‘मग माझं नाव का घेतलंस?’

त्यांनी सैपाकघराकडं पाहिलं. मग म्हणाल्या की त्या पेल्यांवर कुणाचं नाव आहे ते त्यांना लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे, त्यांना वाचता येतं. आणि परत डाळ निवडायला लागल्या. पूजा आटपून त्या बाहेर आल्या असत्या आणि तुझ्या हातात पेला दिसला असता, तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मी विचारलं नाही. कदाचित वाईट बोलल्या असत्या. कदाचित नसत्याही. ते आता कधीच कळणार नाही, कारण त्यांच्यावर बोलायची वेळच मी येऊ दिली नाही.

तुला घरी ये म्हणत नाही. म्हणायचा हक्क राहिलेला नाही, आणि तू न येणंच बरोबर ठरेल. उत्तरही नको. तू म्हणालीस खरं लिही, तेवढ्यासाठी हे.

आज सकाळी फळी पुसायला घेतली. पाच पेले नावं पुढं करून उभे होते. सहावा मागं होता, त्या दिवशी मी ठेवला तिथंच. त्यावरचं नाव भिंतीकडं आहे. तो घाईत तसा राहिला, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. पण मला आठवतं, ठेवल्यावर मी तो फिरवला होता.

गौरम्मा